उशीखालचं वाङ्मय

माणसाची वाङ्मयीन अभिरुची जाणून घ्यायची असेल तर त्याच्या दिवाणखान्यातलं काचेचं कपाट बघू नये. तिथे ज्ञानेश्वरी असते, 'ययाति' असते, 'मृत्युंजय' असतो, आणि लग्नात आहेर म्हणून आलेला, अजून वेष्टनातून बाहेर न पडलेला कुणाच्या तरी समग्र वाङ्मयाचा संच असतो. ही पुस्तकं पाहुण्यांसाठी. घरच्यांची पुस्तकं उशीखाली असतात.

माझ्या पिढीच्या उशीखाली बाबुराव अर्नाळकर होते. मग गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. आणि रात्री परसात एकट्यानं जाण्याइतकी छाती ज्यांच्यापाशी होती, त्यांच्या उशीखाली नारायण धारप होते. या पुस्तकांची परीक्षणं मासिकांत फारशी यायची नाहीत. आमच्या घरी मात्र वडील परीक्षण करीत. ते थोडक्यात असे आणि एका हातानं उरके.

आता दिवस पालटले आहेत. हीच पुस्तकं नव्यानं छापली जाताहेत. पांढराशुभ्र कागद, गुळगुळीत मुखपृष्ठ, मागे लेखकाचा फोटो आणि किंमत अशी की झुंजारनं ती ऐकली असती तर प्रकाशकाच्या तपासाला निघाला असता! उशीखालचं वाङ्मय उठून काचेच्या कपाटात गेलं आहे. एवढी बढती मिळाल्यावर त्याची नीट परीक्षा घ्यायला हरकत नाही. 'आमच्या लहानपणी काय मजा होती' हे वाक्य कितीही गोड असलं तरी ती समीक्षा नव्हे. लहानपणी आम्हाला चिंचाही आवडत असत.

आमच्या उमरखेडला ही परीक्षा गेली काही वर्षं दर रविवारी संध्याकाळी, एका औषधाच्या दुकानामागच्या गोदामात चालते. परीक्षक सात-आठ. दुकानदार भाऊ, फौजदारी चालवणारे एक वकीलसाहेब, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, बँकेत बदलून आलेली एक तरुण मुलगी, आणि एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे कंडक्टरसाहेब. या शेवटच्या गृहस्थांकडे चार ट्रंका भरून पुस्तकं आहेत. म्हणून खुर्ची त्यांना, बाकीचे खोक्यांवर.

कंडक्टरसाहेबांकडेच एवढी पुस्तकं का, याचं उत्तर भूगोलात आहे. त्या काळात उमरखेडला रेल्वे नव्हती. स्टेशनवरच्या स्टॉलला लटकणारी रंगीत मुखपृष्ठं बघून मोठं व्हायचं भाग्य आमच्या वाट्याला आलं नाही. पैनगंगेपलीकडे मराठवाडा, नांदेडला रेल्वे. अलीकडे आम्ही आणि लाल गाडी. तेव्हा झुंजार, कॅप्टन दीप, समर्थ ही सगळी मंडळी उमरखेडात यायची ती एस.टी.नं, तीही बहुधा विनातिकीट, कंडक्टरच्या पेटीत. रात्री मुक्कामाच्या गाडीत वाचून झालेलं पुस्तक सकाळी स्टँडवरच्या माणसाला मिळे, तिथून भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात जाई, आणि शेवटी पहिली चार पानं नि खुनी कोण ते सांगणारं पान गमावून बाईंडरकडे पोचे. खुनी न कळताच संपलेल्या रहस्यकथा मी इतक्या वाचल्या आहेत की पुढे आयुष्यात कुठल्याच गोष्टीचा शेवट कळला नाही तरी मला फारसं वाईट वाटलेलं नाही.

या असल्या पुस्तकांना इंग्रजीत 'पल्प' म्हणतात. हा शब्द मुळात कागदाचा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर असली मासिकं निघत, त्यावरून मजकुरालाही तेच नाव पडलं. त्या कागदात लिग्निन नावाचं लाकडातलंच एक द्रव्य राहून जातं. हवा आणि ऊन लागलं की ते पिवळं पडतं, मग तपकिरी होतं आणि शेवटी पान पापडासारखं मोडतं. आमच्याकडच्या मे महिन्यात तर पापड भाजूनच निघतो! म्हणजे ही पुस्तकं मरण बरोबर घेऊनच जन्माला येत. ती टिकावीत असं कुणाच्या मनातही नव्हतं, छापणाऱ्याच्याही नाही. कंडक्टरसाहेबांनी त्यांना कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालून जगवलं. पहिलं पुनर्मुद्रण मी त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी ते नाकाशी नेलं, हुंगलं आणि परत केलं.

"भाऊ, चांगलं हाय. पण वास कुठाय याले?"

आता परीक्षेची पद्धत सांगतो. नियम एकच आहे. पुस्तकाची स्तुती करायची असेल तर आधी ते न उघडता, तोंडी सांगून दाखवायचं. ज्याला गोष्ट सांगता येत नाही त्यानं थोरवी सांगू नये. हा नियम मराठी विभागांनी लावून घेतला तर बरेच प्रबंध आटोक्यात येतील, पण तो विषय वेगळा.

पहिली पाळी वकीलसाहेबांची, आणि अर्थातच अर्नाळकरांची. बाबुराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६, आणि मधल्या काळात हजाराहून अधिक रहस्यकथा. वकीलसाहेबांनी कोट सारखा केला आणि सुरुवात केली. "मुंबईची रात्र. धो धो पाऊस. झुंजारची मोटार एका बंगल्यापाशी थांबते. खिडकीत उजेड. तेवढ्यात काळा पहाड—"

"काळा पहाड त्या पुस्तकात नाही," भाऊ म्हणाले.

"बरं. मग तेवढ्यात किंकाळी ऐकू येते. झुंजार आत जातो. आत एक प्रेत. आणि प्रेताच्या हातात... नाही, ते दुसऱ्यात." वकीलसाहेब थांबले. तीस वर्षं ज्यांनी साक्षीदारांना अशाच ठिकाणी पकडलं, ते स्वतः पिंजऱ्यात उभे होते.

पण या फजितीत अर्नाळकरांचं खरं मूल्यमापन आहे. त्यांच्या गोष्टी सांगता येत नाहीत, कारण त्या गोष्टी नव्हतातच. तो वेग होता. प्रकरण संपतं ते दार उघडताना, आणि पुढचं उघडतं ते दुसरंच दार. आगगाडीच्या खिडकीतून काय दिसलं हे जसं नंतर सांगता येत नाही, तसंच हे. शिवाय त्यात मुंबई होती. उमरखेडातल्या ज्या पोरानं यवतमाळही पाहिलं नव्हतं, त्याला मुंबईच्या रस्त्यांवर मोटारीचा पाठलाग कसा करावा हे पाठ होतं. आणि न्याय होता, तोही तारखा न पडता. दुष्टाला धडा शिकवायला त्यांचे नायक कोर्टाची वाट बघत बसत नाहीत. वकीलसाहेबांना अर्नाळकर का आवडतात हे मला त्या दिवशी समजलं. दिवसभर ज्यानं 'पुढील तारीख' ऐकली, त्याला रात्री झुंजार लागतो.

ही पुस्तकं आज वाचताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं. ती मुळात महिन्याच्या पगारासारखी येत. एक वाचलं की दुसऱ्याची वाट बघायची. आता पाच-पाच, सात-सात कथा एका जाड खंडात बांधून मिळतात. एका बैठकीत सात पुरणपोळ्या! तिसऱ्या कथेला किंकाळी केव्हा येणार हे कळतं, पाचवीला ती कुणाची हेही कळतं, आणि सातवीला आपल्यालाच किंकाळी फोडावीशी वाटते. दोष लेखकाचा थोडा आणि बांधणीचा जास्त. अर्नाळकर एकेकटेच छापावेत, खिशात मावतील असे.

गुरुनाथ नाईकांचंही गणित असंच. २०२१ साली ते गेले तेव्हा त्यांच्या नावावर बाराशेहून अधिक रहस्यकथा जमा होत्या. गोलंदाज, शिलेदार, कॅप्टन दीप ही त्यांची फौज. फौज म्हणायचं कारण, त्यांच्या रहस्याला सरहद्दीचा वास आहे. खून घरातला असो, त्याचा धागा हेरापर्यंत जातो. पासष्ट आणि एकाहत्तरची युद्धं बघितलेल्या वाचकाला ते भिडलं. आजच्या वाचकाला कॅप्टन दीपची धडाडी आवडते, पण शत्रू जरा लवकर हरतो असं वाटतं. शिरवळकरांचं सामर्थ्य संवादात. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, अमर विश्वास ही माणसं ज्या झोकात बोलतात, त्या झोकात बोलायचा प्रयत्न आमच्या कॉलेजातल्या निम्म्या पोरांनी केला. उरलेल्या निम्म्यांनी मिशा ठेवल्या. २०१३ साली 'दुनियादारी'वर सिनेमा निघाला आणि शिरवळकरांच्या नावाची नव्यानं चर्चा सुरू झाली. वास्तविक 'दुनियादारी' ही रहस्यकथा नव्हेच. पुनर्जन्म कुठल्या दारानं होईल ते सांगता येत नाही.

दुसरी पाळी हेडमास्तरांची. आमच्या गावात उर्दू वाचणारं घर आणि मराठी वाचणारं घर यांच्यामध्ये बऱ्याचदा एकच भिंत असते, आणि त्या भिंतीच्या पलीकडे उशीखाली इब्ने सफी असत. १९५२ साली अलाहाबादहून त्यांची 'जासूसी दुनिया' निघू लागली. पुढे ते पाकिस्तानात गेले, पण पुस्तकं दोन्हीकडे वाचली गेली. उर्दूतला कर्नल फरीदी हिंदीत आला तेव्हा त्याचा विनोद झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. मी फरीदीला विनोद म्हणूनच ओळखत होतो. हेडमास्तरांनी ही चूक चाळीस वर्षांनी सुधारली.

त्यांनाही कथानक धड सांगता आलं नाही. पण ते शांतपणे म्हणाले, "प्लॉट तो भूल गया, जनाब. हमीद का बकरा याद है." हमीदनं एक बोकड पाळलेला असतो. मग अर्धा तास ते त्या बोकडाविषयी बोलले आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. रहस्य विरतं, पण ज्या लेखकाला विनोद येतो त्याचं रहस्य विरल्यावरही काहीतरी हाती राहतं. आमच्या मराठी रहस्यकथेनं बुद्धी, धाडस, पिस्तूल, वेषांतर सगळं कमावलं. बोकड काही तिला पाळता आला नाही. हमीदच्या बोकडासारखं निरर्थक आणि लाडकं असं तिच्यात फार थोडं आहे.

तिसरी पाळी बँकेतल्या मुलीची. तिनं धारपांची एक कथा सांगितली. बदली होते, नवीन घर मिळतं, भाडं जरा कमीच असतं. पहिली दहा मिनिटं काहीही होत नाही. दूधवाला ठरतो, मुलाचं नाव शाळेत घातलं जातं, बायको माळ्यावर जुने डबे ठेवते. मग एक दिवस ते डबे ठेवले होते तसे नसतात. एवढंच. गोदामात कुणी हललं नाही. चहा घेऊन आलेला पोरगा दारातच उभा राहिला. चहा गार झाला, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

धारप (१९२५–२००८) या परीक्षेत पहिले येतात ते यामुळे. त्यांना माहीत होतं की मध्यमवर्गीय माणसाला स्मशानाची फारशी भीती नसते. तिथे तो चारचौघांबरोबर जातो. त्याला भीती असते घराची, म्हणजे ज्यासाठी कर्ज काढलं त्या वास्तूची. म्हणून त्यांची भीती आभाळातून येत नाही, ओल येते तशी भिंतीतून येते. शेवट माहीत असला तरी ती येते. रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचताना खुनी आधीच भेटलेला असतो. भयकथा दुसऱ्यांदा वाचताना उलट आपणच जिना चढायला टाळाटाळ करतो. पुनर्मुद्रणात धारप टिकतात आणि बाकीचे धापा टाकतात याचं कारण एवढं साधं आहे.

तरी धारपांनाही सगळे गुण देता येत नाहीत. समर्थ, जयदेव, कृष्णचंद्र, पंत असे त्यांचे तारणहार आहेत. ते आले की आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि तिथेच कथेचा श्वास थांबतो. भीती उभी करायला शंभर पानं लागतात आणि घालवायला समर्थांना पाच पुरतात. अप्पा जोशींना पुढे सगळं समजावून सांगितलं जातं तेव्हा तर मला शिकवणीला बसल्यासारखं होतं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेत असा कुणी सहसा येत नाही. ती संपते आणि आपल्याला तिथेच सोडून जाते. धारप वाचून झोप उशिरा लागते. मतकरी वाचून लागलेली झोप मोडते. पण मुलगी म्हणाली, "काका, समर्थ येतो हे माहीत असतं म्हणूनच आई मला हे वाचू द्यायची." यावर समीक्षकाकडे उत्तर नसतं.

खरा वाद पुढेच होता. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची १९७५ सालची 'सेलम्स लॉट' आहे, 'शपथ'च्या मागे त्याचीच 'इट'. मुलीनं किंग आधी वाचला होता. वकीलसाहेब ताबडतोब म्हणाले, "चोरी."

मी म्हटलं, मग सगळेच आरोपी हजर करा. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं १८८३ साली. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला १८९० साली. आमच्या झुंजारच्या नावाचे हे थोरले बंधू मूळचे शेक्सपिअरच्या घरचे! शेक्सपिअरकडून उसनं आणलं की अभ्यासक्रमात जागा मिळते आणि किंगकडून आणलं की रद्दीत, हा न्याय कुठला? प्रश्न उसनं आणल्याचा नाही. शेजारच्या घरून विरजण आणलं तरी दही आपल्या दुधाचं लागतं. मुलीनं ते माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. "शेवट मला माहीत होता. पण किंगचं गाव मी पाहिलेलं नाही. हे वाड्याचं जोतं मी पाहिलंय. आजोळी."

मात्र विरजण कुठलं ते सांगायला हवं. इथे माझं पुनर्मुद्रणं काढणाऱ्यांशी भांडण आहे. माझ्या हाती आलेल्या काही प्रतींत कथा पहिल्यांदा केव्हा छापली गेली त्याचं साल नाही, कुठल्या अंकात आली त्याचा पत्ता नाही, मूळ परदेशी असेल तर त्याचा उल्लेख नाही. जुनं मुखपृष्ठ तर हमखास गेलेलं. आत कुणाच्या तरी पाठीत सुरा आणि वर सूर्यास्ताचं निसर्गचित्र! कपडे बदलले म्हणून तक्रार नाही, पण जन्मदाखला का फाडता? ज्या लेखकांनी हजार-हजार पुस्तकं लिहिली, त्यांची पुरती यादी करणं हे विद्वानांचं काम होतं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, म्हणून ते कंडक्टरच्या अंगावर पडलं.

हे जगभर असंच चालत आलं आहे. लव्हक्राफ्ट हा अमेरिकन भयकथाकार १९३७ साली गेला तेव्हा त्याच्या कथा अशाच स्वस्त मासिकांत विखुरलेल्या होत्या. प्रकाशक मिळेनात, तेव्हा ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री या त्याच्या दोन चाहत्यांनी १९३९ साली 'आर्कहॅम हाउस' नावाची स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि त्याचं पुस्तक छापलं. नाहीतर आज त्याचं नाव कुणाला माहीत असतं? आपल्याकडे तर एवढंही लागलं नाही. १९९३ साली आमच्याच विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा तोंडी सांगितली. ती त्यांच्या डोक्यात पंचवीस वर्षं राहिली आणि २०१८ साली तिच्यातून 'तुंबाड' हा सिनेमा झाला. २०२४ साली तो पुन्हा थेटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. आमची तोंडी परीक्षा अगदीच गावठी नाही, असं मी तेव्हापासून म्हणतो.

आता राहिल्या चार ट्रंका. कंडक्टरसाहेबांनी त्या एका वाचनालयाला देऊ केल्या. महाराष्ट्रात १९६७ सालच्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ट्रंकांतला माल बघून तिथल्या गृहस्थांचा चेहरा असा झाला की या पुस्तकांसाठी 'ढ' वर्ग काढावा लागेल. "धार्मिक काही आहे का?" त्यांनी विचारलं. कंडक्टरसाहेबांनी समर्थ पुढे केला. नाव वाचून गृहस्थांनी हात जोडले. मुखपृष्ठावरची कवटी त्यांना नंतर दिसली.

तसे कंडक्टरसाहेब आता स्वतः जुनी पुस्तकं वाचत नाहीत. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे आणि तो बारीक, पुसट टाईप त्यांना लागत नाही. ज्या पुनर्मुद्रणाला त्यांनी वास नाही म्हणून परत केलं होतं, तेच त्यांनी गुपचूप विकत आणलं. त्यात अक्षर मोठं आहे. परवा गेलो तर ओसरीवर बसले होते. नवं पुस्तक हातात आणि तेच जुनं मांडीवर, उघडं. मी बघतच राहिलो.

"वाचासाठी हे," ते म्हणाले, "अन् वासासाठी ते."

पुनर्मुद्रण कुणासाठी असतं, या प्रश्नाचं यापेक्षा बरं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. वाचणाऱ्यांचे डोळे थकले, म्हणून अक्षर मोठं झालं. वाचनालयानं शेवटी दोन कपाटं रिकामी करून दिली. कंडक्टरसाहेबांची अट एकच होती: कुलूप लावायचं नाही. "फाटले तर फाटू द्या. गाडीत किती फाटले, काय झालं?"

पहिली ट्रंक गेल्या महिन्यात उघडली. बँकेतल्या मुलीनं यादी करायला घेतली आहे. नाव, लेखक, साल, मुखपृष्ठावर कोण कुणावर पिस्तूल रोखून आहे, शेवटचं पान आहे की गेलं, सगळं. रविवारी मी विचारलं तेव्हा यादी चाळीसावर अडली होती. चाळीसावं पुस्तक ती वाचत बसली होती.